पावणेपाच किलो

रद्दी द्यायला जावं आणि रद्दी घेऊन यावं, ही खोड मला नोकरीत असल्यापासून आहे. शहापूरच्या बाजारातल्या रद्दीवाल्याला ती चांगली ठाऊक. माझ्या गठ्ठ्याची सुतळी सोडायच्या आधीच तो म्हणाला, "मास्तर, आत एक गोणी आलीये. बघा तुमच्या कामाचं काय असलं तर."

गोणी आसनगावकडच्या कुठल्याशा बंगल्यातून आलेली. मुंबईची माणसं इकडे बंगला बांधतात, निवांत वाचायला म्हणून पुस्तकं आणून ठेवतात, आणि बंगला विकायची वेळ आली की घरातून आधी बाहेर पडतात ती पुस्तकंच. फ्रीज सगळ्यात शेवटी निघतो. गोणीत वर पाककृती, मध्ये वास्तुशास्त्र आणि अगदी तळाला तीन जाडजूड इंग्रजी ग्रंथ. आपल्याच वजनाने खाली गेले असावेत. एक मेंदूविज्ञानाचा, एक व्यापारी कायद्याचा, एक इंग्रजी अमलातल्या जंगलांच्या इतिहासाचा. काट्यावर पावणेपाच किलो भरले.

"पुठ्ठा काढून देऊ?" रद्दीवाल्याने आपुलकीने विचारलं. "पुठ्ठा वेगळा जातो. तुमचं वजन कमी होईल."

नको म्हटलं. वीस रुपये किलोने पंचाण्णव झाले. शंभराची नोट दिली, त्याच्याकडे सुटे नव्हते, म्हणून पाच रुपयांच्या बदली त्याने एक जुना शब्दकोश वर ठेवला. तो 'क'पासून सुरू होत होता.

घरी हिने पिशवीत वाकून पाहिलं. "भाजी?" एवढंच विचारलं. खरं म्हणजे मी भाजीच आणायला गेलो होतो, आणि जाताजाता रद्दी. भाजी साफ विसरलो. त्यामुळे पहिल्या रात्री मेंदूविज्ञानच उघडणं भाग पडलं.

विद्वानांच्या पुस्तकांचं एक पाहून ठेवलंय. पहिल्या मालकाच्या पेन्सिलीच्या रेघा साधारण चाळिसाव्या पानापर्यंत असतात. पुढे सगळं कोरं, पानं एकमेकांना चिकटलेली. या तिन्हींतही तेच. मेंदूचा मालक एकेचाळिसाव्या पानावर, अर्ध्या वाक्यात थांबला होता. त्याच्या पुढचं वाचणारा पहिला माणूस मीच, या गुर्मीत मी बरीच मजल मारली. आठवणी आणि वाटा सांभाळणारा मेंदूचा भाग म्हणजे समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी पंचवीसेक हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर या बाईंनी त्यांची डोकी तपासली, तर त्या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा निघाला. हे २००० सालचं संशोधन. दुसऱ्या दिवशी मुरबाडला मेहुण्याकडे जाताना किन्हवलीपासून काळी-पिवळीत पुढच्या सीटवर बसलो होतो. ड्रायव्हरचं गाव-वाटांचं ज्ञान बघून त्याला ही हकिकत सांगायला घेतली आणि त्या अवयवाचं नावच आठवेना. आठवणींच्याच अवयवाचं नाव! ड्रायव्हरने तेवढ्यात तीन खड्डे चुकवले, एका म्हातारीला न सांगता तिच्या आंब्याखाली उतरवलं, मागच्या बाईला तिची औषधाची पिशवी सीटखाली राहिल्याची आठवण करून दिली आणि मला म्हणाला, "आठवंल तुम्हाला. सरळगाव येऊ द्या." सरळगाव आलं. नाही आठवलं.

कायद्याचं पुस्तक मात्र मला मेहुण्यामुळे कळलं. काही वर्षांपूर्वी म्हशाच्या जत्रेत तो मला बैल घ्यायला सोबत घेऊन गेला होता. पौष पौर्णिमेची ही जत्रा बैलबाजारासाठी नावाजलेली. आता दावणी तुटपुंज्या आणि खेळण्यांची दुकानं जास्त, पण तेव्हा बाजार बरा भरत होता. मेहुण्याने एका खोंडाचा जबडा उघडून दात पाहिले, चार दाती. भोवरा पाहिला, खुरावर टिचकी मारली, शेपटी उगीचच उचलून सोडली. मग मध्ये हेडी, म्हणजे दलाल, आला. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून मालकाच्या हातावर टाकला, त्याखाली आपला हात घातला, आणि भाव सुरू झाला. तोंडाने चकार शब्द नाही. टॉवेल तेवढा हलतोय, आत बोटं दाबली जातायत, आणि वर दोघांची तोंडं अशी की एक सिद्धगडाकडे बघतोय आणि दुसरा भज्यांच्या गाडीकडे. आजूबाजूला पन्नास माणसं, पण आकडा कोणालाच कळू नये, म्हणून हा पडदा. मालकाने दोनदा हात झटकला. हेडी मेहुण्याकडे आला, त्याच टॉवेलखाली त्याची बोटं दाबली, परत गेला. तिसऱ्या खेपेला टॉवेल थोडा जास्त वेळ थांबला. "जमलं," हेडी म्हणाला. मेहुण्याने इसार दिला.

तर १८७२ च्या करार कायद्यात याची सोय आहे, हे मला या ग्रंथात सापडलं. कलम नऊ. देकार किंवा होकार शब्दांत असेल तर ते वचन उघड, शब्दांवाचून असेल तर गर्भित. साहेबाने टॉवेल कधी पाहिला असेल असं वाटत नाही, पण त्याला जागा मात्र करून ठेवली. हात झटकणं म्हणजे नकार आणि बोट बदलणं म्हणजे नवा देकार. मी हे उत्साहाने मेहुण्याला सांगितलं. त्याने विचारलं, "बसणाऱ्या बैलाचं काय लिहिलंय?" कारण तो खोंड नांगराला जुंपला की तासाच्या मध्यावर जाऊन बसायचा. त्यावरही कायदा आहे, आणि तो असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. मेहुणा म्हणाला, "मग एवढं जाड पुस्तक कशाला लागतं?"

याच ग्रंथातलं आणखी एक कलम मी मनाशी जपून ठेवलंय. कराराला मोबदला हवा, पण तो पुरेसाच असला पाहिजे अशी अट नाही. तो अपुरा आहे एवढ्याने करार रद्द होत नाही. हे वाचलं आणि तानसा धरण आठवलं. १८९२ पासून आमच्या तालुक्यातलं पाणी मुंबईला जातंय. मागाहून भातसा धरणाचंही गेलं. इकडे मे महिन्यात पाड्यावर टँकर येतो. मोबदल्यात मुंबईहून काय येतं, याचा बरेच दिवस विचार करत होतो. परवा पावणेपाच किलो आलं.

तिसरा ग्रंथ वाचायला मी सगळ्यात उशिरा घेतला, कारण त्याच्या शेवटच्या सूचीत शहापूरला चार पानं होती आणि मुरबाडला दोनच. मेहुण्याशी नसता वाद नको होता. पण एकदा उघडला आणि अडकलो. १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत तक्रारींचा असा गदारोळ उठला की १८८५ साली मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. अहवाल १८८७ चा. आणि त्यात मोठा खल कशावर? राबावर! आमच्या मागच्या शेतात दर उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जमीन तयार करायला जो भाजतात, त्या राबावर.

शेजारचे बाबा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. वय पंचाऐंशीच्या घरात, भाताची जमीन दोन एकर, आणि राबासाठी झाडांची कवळं, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडण्यावरून वनखात्याच्या गार्डशी जुनी बोलाचाली. मी त्यांना पुस्तकातलं वर्णन मराठी करून सांगू लागलो. जमिनीवर आधी शेण पसरायचं, त्यावर झाडाची कवळं, त्यावर गवत-पाचोळा, वर बारीक मातीचा थर.

"ऐनाची कवळं," बाबा म्हणाले. "लिहिलंय का ऐन?"

लिहिलं होतं.

"आणि पेटवायचं कुठून?"

वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते आणि माती नीट भाजते. हेही पुस्तकात होतं. बाबांनी मान हलवली. परीक्षेत पोरगा पास व्हावा तशी.

"मग शेवटी काय बोलला साहेब?"

मी सांगितलं, की आधी त्यांना वाटायचं ही नुसती झाडांची नासाडी. मग बऱ्याच चौकशा झाल्या, साक्षी झाल्या, आणि भाताला राब लागतो हे त्यांनी मान्य केलं. अडलं ते झाड कोणाचं यावर.

"राब लागतो हे आमचा रेडा पण सांगेल," बाबा म्हणाले. मग जरा वेळ गप्प बसले. पुस्तक हातात घेऊन त्याचा जाडपणा अंगठ्याने मोजला. इंग्रजी त्यांना येत नाही, मराठीही सहीपुरतंच. "मास्तर, राब लिहिलंय ते पान काढून दे. गार्ड आला की दाखवतो."

पान फाडायला माझा जीव होईना, तर त्यांनी सबंध पुस्तकच नेलं. खूण म्हणून मध्ये ऐनाचं पान घातलं. पुढे महिनाभर ते पुस्तक मी त्यांच्या ओटीवर भाताच्या कणगीवर पाहत होतो. झाकण सरकू नये म्हणून ठेवलेलं. उंदीर येत नाहीत म्हणाले.

एका सकाळी न राहवून विचारलं, "गार्ड आला होता का?"

"आला होता. दाखवलं पान. पोरगा शिकलेला आहे, वाचलंन सगळं, उभ्याउभ्याच. मग बोलला, बाबा, हे इंग्रजांच्या वेळचं आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी बोललो, मी पण."