पिच, पट्टी आणि रविवारचा फोन

लीड्स, 2 जून

ती. आई आणि ती. बाबा यांना,


सगळ्यात आधी हे वाचा: आम्ही चौघंही धडधाकट आहोत. मंदारची नोकरी शाबूत आहे, ओमचा गुडघा जागेवर आहे, इराचं गाणं सुटलेलं नाही आणि आम्हाला राहायला घर आहे. आता पाणी प्या आणि सावकाश पुढचं वाचा.

रविवारी डोंगरातून फोन लावला तेव्हा चार शब्दांतला एकच तुमच्यापर्यंत पोचत होता, आणि पोचला तो नेमका 'पिच'. बाबा, तुम्ही जे ऐकलंत ते असं: मंदारचं पिच फसलं, ओम पिचवर पडला, इराचा पिच उतरलाय आणि पिच मिळालं नाही म्हणून रात्र गाडीत काढली. यावरून जावयाने क्रिकेटवर पैसे लावले, हरला आणि पोराबाळांसकट रस्त्यावर आला, असा निष्कर्ष तुम्ही काढलात. मावशीचा फोन आला तेव्हा कळलं. 'मंदारला बोलू नकोस, पण किती गेले ते सांग,' म्हणाली. म्हणून हे कागदावरचं पत्र. कागदाला रेंज लागत नाही.

मंदारचं आधी, कारण ते सगळ्यात लवकर संपलं. त्याच्या ऑफिसात गिऱ्हाइकापुढे उभं राहून 'आमचंच घ्या' असं पटवण्याला पिच म्हणतात. म्हणजे आपल्या दारात बसून भांडीवाली बोहारीण करते तेच. फरक इतकाच की बोहारीण जुन्या पँटमधलं भोक शोधते आणि इथे गिऱ्हाईक आपल्या बोलण्यातलं शोधतं. तीन आठवडे खपून याने चाळीस स्लाइड केल्या. शेवटी गिऱ्हाईक 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणालं. मंदार त्या संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला. व्हेरी इंटरेस्टिंगचा या देशातला अर्थ 'पुन्हा दिसू नका' असा होतो, हे त्याला दुसऱ्या दिवशी मेलवर कळलं. पेढे आम्ही खाल्ले.

खरं तर त्याने चाळीस स्लाइडऐवजी आमच्या बाजारात एक चक्कर मारायला हवी होती. इथल्या कर्कगेट मार्केटात 1884 साली मायकेल मार्क्स नावाच्या फेरीवाल्याने टेबल मांडलं. इंग्रजी बेताचंच. म्हणून पाटीच लावली: भाव विचारू नका, सगळं एक पेनी. पुढे त्याचंच मार्क्स अँड स्पेन्सर झालं. गंमत म्हणजे बाजारात टेबल मांडायच्या जागेलाही पिचच म्हणतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत 2003 पासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना परवाने मिळतात. त्यांनाही उभं राहायला ठरलेलं पिच असतं, आणि तिथे गाताना पिच सुटला की लोक पैसे न टाकता पुढे जातात.

ओम पडला तो फुटबॉलच्या पिचवर. बाबा, इथे फुटबॉलचं अख्खं मैदान म्हणजे पिच. मला हे कळायला एक भर सभेतली फजिती लागली. शाळेच्या स्पर्धेच्या दिवशी 'पिचवर येऊ नये' अशी पाटी होती. मी तुमची लेक, पिच म्हणजे स्टंपांमधला पट्टा एवढंच जाणणारी. तो कुठे दिसेना, म्हणून छत्री उघडून मैदानाच्या मधून थेट चहाच्या टेबलाकडे निघाले. शिट्ट्या वाजल्या, सामना थांबला. मला वाटलं, कुणीतरी गोल केला.

क्रिकेटचं पिच मात्र इथेही तुमचंच आहे: 22 यार्ड लांब, 10 फूट रुंद. हे 22 यार्ड म्हणजे एडमंड गंटरची जमीन मोजायची साखळी, 1620 सालची, 66 फुटांची. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट. म्हणजे गुंठ्याच्या दोन बाजू सरळ रेषेत मांडल्या की पिचची लांबी झाली! दादाकाकांना सांगा, बांधाच्या भांडणात निदान एवढं तरी हाती लागेल. आणि चेंडूचा टप्पा पडणं म्हणजेसुद्धा पिच होणं. परवा टीव्हीवर समालोचक म्हणाला की लेग स्टंपच्या बाहेर पिच झाला म्हणून पायचीत नाही. ओमने विचारलं, बाहेर पण पिच आहे का?

आता इरा. आई, हा भाग तुझ्यासाठी.

ती शाळेच्या गायनवृंदात आहे. बाई म्हणाल्या, तिचा पिच फ्लॅट जातोय. मंदारने 'फ्लॅट' ऐकून घराच्या हप्त्याबद्दल काहीतरी विचारलं, ते सोडून दे. म्हणजे सूर उतरतोय, किंचित खाली लागतोय. मी म्हटलं, तिची पट्टी बदला ना, अर्धा सूर खाली घ्या. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. इथे वृंदात एकटीसाठी पट्टी बदलत नाहीत गं! सा कुठे धरायचा हे गाणारा ठरवत नाही. साऱ्या जगाने मिळून ठरवलंय की एक ठरावीक स्वर सेकंदाला 440 कंपनांचा असेल, आणि सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. तो स्वर म्हणजे तुझ्या पेटीची पांढरी सहा. तू आयुष्यभर काळी चारमध्ये गायलीस, समोरच्या गल्लीतल्या कारागिराने तुझा तंबोरा तुझ्या गळ्याला जुळवून दिला, आणि तुला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, हे मी बाईंना सांगितलं. आपल्या मिरजेत वाद्य माणसाला लावतात, असंही सांगितलं. त्या 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणाल्या.

पण हा ठरावीक सूर ठरतानाही यांच्यात कमी भांडणं झाली नाहीत. फ्रान्सने 1859 साली सरळ कायदा करून 435 हा आकडा लावून दिला. इंग्लंडात तेव्हा सूर चढाच होता, 450च्याही वर. 440 वर एकमत झालं 1939 साली, लंडनच्या बैठकीत. आणि आमच्या या यॉर्कशरमधले पितळी वाद्यांचे बँडवाले त्यानंतरही जुन्या चढ्या सुरातच वाजवत राहिले, थेट 1960च्या दशकापर्यंत, कारण नवी वाद्यं घ्यायला पैसे कोण देणार? मला ही माणसं फार आपली वाटली.

आता ती गाडीतली रात्र.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे बँकेची सुट्टी असते आणि तंबू असलेला प्रत्येक इंग्रज डोंगराकडे निघतो. आम्ही तंबू नवाच घेतला होता. लेक डिस्ट्रिक्ट म्हणजे आंबोली समजा, पण कांदाभजी नसलेली. पोचेपर्यंत रात्रीचे अकरा, आणि काळाकुट्ट अंधार. त्यालाही हे लोक पिच डार्क म्हणतात. हे पिच म्हणजे डांबर. आपण अंधाराला काजळाची उपमा देतो, यांना डांबर आठवतं. डांबरावरून आठवलं: ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विद्यापीठात 1927 सालापासून नरसाळ्यात डांबर भरून ठेवलंय, ते किती सावकाश वाहतं हे बघायला. आजवर नऊ थेंब पडले. नववा 2014 साली. आपल्याकडचं डांबर मात्र पहिल्या पावसातच वाहून जातं, हे त्यांना कुणीतरी कळवायला हवं.

तर तंबूंच्या तळावरच्या कचेरीच्या खिडकीतल्या आजीबाईंनी विचारलं, 'पिच कसं हवं, हार्ड की ग्रास?' तंबू लावायच्या जागेला पिच म्हणतात हे मंदारला माहीत नव्हतं. दिवसभर गाडी चालवून त्याचं डोकं बधिर झालेलं. तो गंभीरपणे म्हणाला, 'हवा ढगाळ आहे, ग्रासच बरं. चेंडू हलेल.' आजीबाईंनी चष्मा काढून पुसला. मग नोंदवही पाहिली. आमचं आरक्षण होतं, पण पुढच्या आठवड्याचं. तारीख मी टाकली होती. हे फोनवर मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, आणि एवढंच वाक्य तुम्हाला नीट ऐकू गेलं असतं याची मला खात्री आहे. त्या बिचारीने गाडी फाटकाशी लावून झोपू दिलं. रात्रभर पाऊस. ओमचा गुडघा माझ्या बरगडीत, मंदार स्टिअरिंगला मिठी मारून. पहाटे त्याच्या कपाळाने हॉर्न वाजला आणि शेजारच्या चार तंबूंतून माणसं बाहेर आली.

सकाळी बघतो तर गाडीच्या छतावरच्या कॅरिअरचा एक बोल्ट वाटेतच कुठेतरी पडलेला. खालच्या गावात हार्डवेअरचं जुनाट दुकान. काउंटरमागे ऐंशीच्या घरातले आजोबा, मागे भिंतभर लाकडी खण. त्यांनी उरलेला बोल्ट हातात घेतला आणि म्हणाले, 'पिच?'

मंदार दोन पावलं मागे सरला. त्या आठवड्यातलं त्याचं हे दुसरं पिच होतं. ओमने खिडकीतून मैदान दिसतंय का पाहिलं. इरा घसा साफ करायला लागली. आणि मी, बाबा, पुढे झाले, बोल्टवर नख फिरवलं आणि म्हटलं, 'एम आठ, पिच सव्वा.'

सव्वा मराठीतच म्हणाले. मग वन पॉइंट टू फाइव्ह केलं.

शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला लेथशेजारच्या स्टुलावर बसवायचात आणि आटे मोजायला लावायचात, ते फुकट गेलं नाही. आजोबा इतके खूश झाले की त्यांनी खालचा खण उघडून व्हिटवर्थचे जुने बोल्ट दाखवले. 1841 सालचं माप, आट्यांचा कोन 55 अंश. 'मेट्रिकचा 60,' मी म्हटलं, 'दोन्हींची गल्लत केली की आटे जातात.' हे तुमचं वाक्य, तुमच्याच आवाजात निघालं. त्यांनी बोल्टचे पैसे घेतले नाहीत. मंदार म्हणतो, या महिन्यात घरातलं यशस्वी झालेलं हे एकमेव पिच.

परतीच्या वाटेवर मी पोरांपुढे जरा शेखी मिरवली. म्हटलं, इंग्रजी ही दरिद्री भाषा, एका शब्दावर सगळा संसार. आपल्याकडे बघा, क्रिकेटची खेळपट्टी, गाण्याची पट्टी... आणि तिथेच अडखळले. इराने पकडलंच. 'आई, दोन्ही पट्टीच?' मग मागून सुरू झालं. आजोबा पाणीपट्टी भरायला जातात म्हणजे तिथे गातात का? आजी म्हणते मामा पट्टीचा पोहणारा, तर त्याला काय लागलंय? ओमच्या गुडघ्यावर बांधली ती कितवी पट्टी, काळी की पांढरी? तुमच्या मास्तरांनी तुम्हाला हातावर कुठली पट्टी मारली? मी काचेबाहेर मेंढ्या बघत बसले.

इराचा पिच आता जागेवर येतोय. आई, तू पाठवलेला काळी चारचा तंबोरा ती रोज लावते आणि मग शाळेत जाऊन 440 मध्ये गाते. दोन सासरं असल्यासारखं आहे, पण निभावते.

मावशीला सांगा, काही गेलेलं नाही.

तुमची,
मेघा

ता. क. बाबा, तुमचा जुना पिच गेज आत्याच्या सामानातून पाठवाल का? त्या आजोबांना दाखवायचाय. विमानतळावर आत्याला विचारलं तर तिने 'पिच' म्हणू नये, क्रिकेटच्या गप्पा सुरू होतील आणि विमान चुकेल. नुसतं 'पट्ट्यांचा जुडगा' म्हणायलाही हरकत नाही, दातेरी पट्ट्याच आहेत त्या. पण मग आत्याला त्यातली गाण्याची कुठली, हे सांगत बसावं लागेल.