चक्रजाड्य-निदान

मोटारीचे स्टिअरिंग जड होणे हा विकार माधवनिदानात नोंदलेला नसला, तरी त्याची लक्षणे रुग्णापेक्षा रुग्णाच्या मालकातच अधिक ठळकपणे दिसून येतात. गाडी निर्विकार उभी असते. मालकाचे मात्र दंड भरून येतात, कपाळावर आठ्या चढतात आणि सोसायटीच्या दोन खांबांमध्ये गाडी घालताना त्याच्या मुखातून जे उद्गार बाहेर पडतात, ते शास्त्रीय ग्रंथात उद्धृत करण्याची प्रथा नाही.

विकृतीचा विचार करण्यापूर्वी प्रकृती जाणून घेणे इष्ट ठरते. एकाने केवळ मनोदय व्यक्त करावा आणि प्रत्यक्ष कष्ट दुसऱ्याने उपसावेत, हे जे तत्त्व कचेऱ्यांत फार पूर्वीपासून रूढ आहे, त्याचाच यांत्रिक अवतार म्हणजे पॉवर स्टिअरिंग होय. त्याच्या जुन्या, तेलावर चालणाऱ्या प्रकारात इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल रॅकला, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दातेरी दांड्याला, हव्या त्या दिशेला ढकलते. किती ढकलायचे याचा निवाडा टॉर्शन बार नावाची पोलादाची एक बारीक सळई करते: चालक जितका जोर लावतो तितका तिला पीळ पडतो आणि त्या पिळाच्या प्रमाणात तेलाची झडप उघडते. सुंभ जळाला तरी ज्याचा पीळ जात नाही अशी माणसे आपल्या परिचयाची असतात. या सळईचा पीळ मात्र चाके वळताच उतरतो, आणि तिच्या गुणवत्तेचे रहस्य नेमके त्यातच आहे.

ही व्यवस्था फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये गाडीत बसवून दाखवली. चाके वळली, पण कारखानदार वळले नाहीत, आणि सर्वसाधारण विक्रीच्या मोटारीत ती यायला १९५१ साल उजाडावे लागले, तेही क्रायस्लरच्या इम्पीरियलसारख्या श्रीमंती गाडीत. त्यानंतरही कित्येक दशके भारतात अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी हाकणारे बहुसंख्य लोक स्वतःच्या खांद्यांनाच पॉवर स्टिअरिंग मानत आले, आणि त्या पिढीतील वडीलधारी मंडळी आजही कुणाचे स्टिअरिंग जड झाल्याचे कळले की सहानुभूतीऐवजी आपले मनगट पुढे करतात.

निदानाचे पहिले साधन कान हे आहे. सकाळी, विशेषतः पावसाळ्यात, गाडी सुरू करून चाक वळवताच किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेल्ट सैल पडून घसरतो आहे असे समजावे. वळताना लांबलचक घुंईऽऽ असा, उपाशी डासांच्या संमेलनासारखा सूर लागला, तर पंपाला तेल कमी पडते आहे किंवा तेलात हवा शिरली आहे. चाक पार शेवटपर्यंत वळवून धरल्यावर येणारा फुसकारा मात्र रोग नसतो. जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा तो निषेध असतो, आणि चाक तसेच धरून ठेवल्यास तेल तापत असल्याने तो निषेध मान्य करून हात थोडा सैल सोडावा.

दुसरे साधन डोळा. टाकीतील तेल बहुधा लालसर असते. ते काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल तर बदलावे, आणि त्यावर फेस दिसला तर पंपाकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप सैल होऊन हवा आत ओढली जात आहे का हे पाहावे. हवा काढण्याची रीत साधी असली तरी प्रेक्षणीय आहे: गाडीची पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवावी, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे आणि मधूनमधून तेल घालत राहावे. तेल संपल्यावर घरात पडलेला ब्रेक ऑइलचा डबा उपयोगात आणण्याची काटकसर काही मालकांना सुचते. त्या तेलाने रबरी सील फुगून निकामी होतात आणि काटकसरीचे बिल महिन्याभराने येते. गळतीसाठी रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावर उमटलेला लाल ठिपका गळतीची जागा बोटाने दाखवावी तशी दाखवतो. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या नव्या प्रकारात तेलही नाही आणि ठिपकाही नाही. तिथे आधी बॅटरी आणि फ्यूज पाहावा, मग संगणक जोडणाऱ्यास शरण जावे.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे न्यावी हा शास्त्राचा दंडक आहे. व्यवहारात ती उलट चालते, कारण मालकाच्या मनात विकार नेहमी गाडीच्या वयाला आणि स्वतःच्या प्रतिष्ठेला साजेसा असावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या चौदा वर्षांच्या गाडीबाबतही हेच घडले. टॉर्चच्या उजेडात तेल पाहून झाले, पुठ्ठा तीन रात्री अंथरला गेला व तिन्ही सकाळी निष्कलंक निघाला, मेहुण्यांनी फोनवरून आवाज ऐकून रॅक गेल्याचे जाहीर केले आणि दोन गॅरेजांतून नव्या रॅकचे अंदाजपत्रकही आले. अखेर तिसऱ्या गॅरेजच्या वाटेवर एका पंक्चरवाल्या मुलाने, कुणी न विचारता, पुढच्या टायरला लाथेने हलकेच स्पर्श केला आणि मीटर लावून १६ चा आकडा दाखवला. हवा ३० असायला हवी होती. चपटलेला टायर रस्त्याला अधिक रुंद चिकटतो, त्यामुळे त्याला जागच्या जागी वळवताना जोर लागतो, एवढेच त्या विकाराचे मूळ निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा या म्हणीतील वळसा जड स्टिअरिंगने घ्यावा लागला, इतकाच काय तो फरक.

हवा भरण्याचे वीस रुपये झाले. संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी, ज्यांना रॅकच्या अंदाजपत्रकाची पूर्ण कल्पना होती, “काय निघालं हो शेवटी?” असे विचारले, तेव्हा प्रस्तुत लेखकाने गंभीरपणे मान हलवून “दाब कमी पडत होता” एवढेच सांगितले, आणि त्यांनीही तितक्याच गंभीरपणे “हायड्रॉलिकचं असंच असतं” असा अभिप्राय दिला.