हौदा आणि हौद

ट्रकच्या मागच्या उघड्या भागाला हौदा म्हणतात. पाणी साठवतात तो हौद. दोघांत अंतर फक्त एका कान्याचं. ते अंतर मी गेल्या वर्षी ह्यूस्टनमध्ये एका रात्रीत कापलं. खर्च दीड हजार डॉलर आणि तीस किलो पोहे.

टेक्सासात राहून पिकअप नसणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्शाला हात न लावणं. शेत नसलेली, घोडा नसलेली, खुर्चीवर बसून पोट वाढवणारी आमच्यासारखी संगणकवाली माणसंही इथे पिकअप घेतात. घेतल्यावर लगेच एक शोध लागतो: पिकअपवाल्या माणसाला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत निवडून यावं लागत नाही, त्याला उचलूनच नेतात. मखर, ढोल, घडीच्या खुर्च्या, सगळं माझ्या हौद्यातून जाऊ लागलं. आणि ह्यूस्टनचा पाऊस असा की सकाळी ऊन, दुपारी ऊन, आणि खुर्च्या चढवून झाल्या की तासभर धो धो. म्हणून झाकण बसवायचं ठरलं.

हे झाकण म्हणजे किराणा दुकानाचं शटर आडवं झोपवलेलं. हौद्याच्या दोन्ही कडांवर रूळ, त्यावरून पट्ट्या सरकतात आणि केबिनला लागून असलेल्या एका लांबट डब्यात गुंडाळल्या जातात. पाण्याचीही सोय असते. पट्ट्यांवरचं पाणी रुळांतल्या पन्हळीत उतरतं, पन्हळीतून डब्यात येतं, डब्याच्या कोपऱ्यांना नळ्या असतात आणि त्या नळ्यांनी ते हौद्याच्या तळाखाली, रस्त्यावर जायचं असतं. माहितीपुस्तिकेत झाकण पाण्याला ‘विरोध करतं’ असं लिहिलं होतं, पाणी अडवतं असं कुठेच नव्हतं. मंडळाच्या बैठकीत मीही असाच विरोध नोंदवतो आणि मग सगळं आत येऊ देतो.

बसवणाऱ्याची मजुरी वाचवायला मी स्वतःच बसवायला घेतलं. रूळ बसले, डबा बसला, नळ्याही बसल्या. मग पुस्तिकेचं ते पान आलं: नळी बाहेर काढण्यासाठी हौद्याला भोक पाडा. गाडी सहा महिन्यांची. मुलीचे कान टोचताना मी सोनाराच्या दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो होतो, तो माणूस नव्या गाडीला भोक काय पाडणार? मी दोन्ही नळ्यांची नीट वेटोळी केली आणि हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांत ठेवून दिली. ‘नंतर बघू.’

वर एक शहाणपण केलं. मागच्या फाळक्याच्या खाली कंपनीने बोटभर फट ठेवलेली असते. मला तो कंपनीचा गलथानपणा वाटला. मी ती रबराची पट्टी लावून कडेकोट बंद केली.

हे सगळं नाना गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून बघत होते. नाना म्हणजे माझे वडील, चिपळूणचे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसीअर. कोकणातला माणूस गणपतीत घर सोडत नाही. पण नातीच्या हट्टापुढे नानांनी घरचा गणपती त्या वर्षी मोठ्या दादाकडे सोपवला होता आणि त्याचा राग ते अमेरिकेवर काढत होते.

“ढाळ कुठाय?” नानांनी विचारलं.

“नाना, ही गाडी आहे, न्हाणीघर नाही.”

“पाण्याला ते कुठं ठाऊक असतं?”

मग त्यांनी टपालात आलेल्या एका पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. झाकण साधारण अडीच चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. पन्नास मिलिमीटर पडला तर सव्वाशे लिटर.

“सव्वाशे लिटर जाणार कुठं?”

“नळीत.”

“आणि नळी?”

मी त्यांना चहा हवाय का विचारलं.

नाना पाण्याची चेष्टा करत नाहीत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ते जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून आठवीकडे बघत होते. त्या आधीही त्यांचा मे महिना पन्हळी साफ करण्यात जायचा. शिडीवर नाना, खाली शिडी धरून मी, आणि माझ्या डोक्यावर फणसाचा कुजलेला पालापाचोळा. मी इंजिनीअर होऊन सातासमुद्रापार का आलो याचं एक कारण ती शिडी आहे.

इथल्या मंडळाचा गणपती तिथी न बघता शनिवार बघून बसतो. शनिवारच्या नाश्त्याला कांदेपोहे ठरले होते. शुक्रवारी संध्याकाळी मी तीस किलो जाड पोह्यांच्या गोण्या आणल्या, हौद्यात केबिनला टेकवून रचल्या, झाकण ओढलं आणि गाडी नेहमीप्रमाणे मागे घेत घरासमोर लावली. म्हणजे तोंड रस्त्याकडे. इथे घरासमोरचा उतार रस्त्याकडेच असतो. त्यामुळे गाडीचं नाक खाली, शेपूट वर आणि हौद्याचा ढाळ थेट पोह्यांकडे.

रात्री पाऊस झाला. झाकणाने आपलं काम चोख बजावलं, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. थेंब न थेंब गोळा करून त्याने पन्हळीत सोडला, पन्हळीने डब्यात, डब्याने नळ्यांत आणि नळ्यांनी सगळं पाणी हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत इमानेइतबारे आणून सोडलं. झाकण नसतं तर तेच पाणी आधी हौदाभर पडलं असतं. झाकणामुळे ते नेमकं पोह्यांच्या पत्त्यावर पोचलं.

सकाळी मंडळाच्या हॉलपाशी शटर सरकवलं आणि आतून वास आला. गोण्या गरोदर दिसत होत्या. गाडी चालताना पाणी मागे-पुढे फिरलं होतं, फाळका उघडला तशी माझ्या बुटांवर पोह्यांची पेज आली. नाश्त्याच्या प्रमुख काकू पदर खोचून पुढे आल्या.

“जाडे होते की पातळ?”

“जाडे, काकू.”

“मग भिजवायचेच होते की!” त्यांनी गोणीत हात घातला आणि मनगटापर्यंत तो तसाच आत गेला. “पण इतके नाही.”

त्या दिवशी चारशे माणसांनी उपमा खाल्ला. बाप्पाने राग धरला नसावा. पुणेकरांनी धरला.

रविवारी नानांनी दुरुस्ती हाती घेतली. बहात्तराव्या वर्षी ते बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झाले आणि ब्रेकची नळी कुठून जाते, वायरींचा जुडगा कुठे आहे, सायलेन्सर कुठे तापतो, हे बघून खडूने दोन फुल्या मारून बाहेर आले. “आधी खाली बघायचं, मग वर भोक पाडायचं,” एवढंच बोलले. मी डोळे मिटून ड्रिल चालवलं. पहिल्या भोकानंतर उघडले. धातूचा कीस झाडून काढला, कारण तो राहिला तर गंजाचे ठिपके पडतात. भोकाच्या कडेला प्रायमर फासला, रबरी कडं बसवलं आणि नळी सरळ खाली उतरवली. एका ठिकाणी ती जरा लोंबत होती. “पोट आलंय तिला,” नाना म्हणाले. मी स्वतःकडे बघितलं. ते नळीबद्दल बोलत होते. नळीला पोट आलं की पाणी तिथे मुक्काम करतं. फाळक्याखालचं माझं रबर त्यांनी न विचारता ओढून काढलं आणि कचऱ्यात टाकलं.

मग परीक्षा. आधी तांब्याने, नंतर पाइपने. गाडी एकदा नाक खाली ठेवून, एकदा नाक वर ठेवून. नाक वर असलं की पाणी डब्याकडे जायलाच तयार नसतं, ते मागे फाळक्याकडे येतं आणि तिथून थोडं आत ठिबकतं. पण आता फट मोकळी होती, आलं तसं गेलं. नानांनी तेवढं ठिबकणं मंजूर केलं.

नाना ऑक्टोबरात चिपळूणला परतले. मार्चमध्ये आमच्या दारातल्या ओकने पानं गाळली, पाठोपाठ पिवळा फुलोरा. तो पन्हळींत साचून त्याचा लगदा झाला आणि एक नळी तुंबली. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर नळी डब्यातून निसटते, हेही तेव्हाच कळलं. नळी पुन्हा बसवली, बागेच्या पाइपने हलक्या हाताने धुऊन काढली. मी शिडीशिवाय पन्हळ साफ करत होतो आणि व्हिडिओ कॉलवर नाना ‘तो कोपरा राहिला, तो’ म्हणत होते.

हौदा आता कोरडा असतो. तरी यंदाच्या गणपतीच्या सामानाच्या यादीत काकूंनी माझ्या नावापुढे लिहिलंय: खुर्च्या, ढोल, मखर हौद्यात. पोहे पुढच्या सीटवर, पट्टा लावून.