४८ व्होल्टचे गवई

घरोघरी आता स्टुडिओ झाले आहेत. टेबलावर ऑडिओ इंटरफेस, त्याची यूएसबी केबल लॅपटॉपला, माइकची एक्सएलआर केबल त्याला. ४८ व्होल्टचं बटण दाबलं की कंडेन्सर माइक जागा होतो आणि सगळं इमानेइतबारे टिपतो: पंखा, शेजारचा कुकर, भंगारवाल्याची आरोळी. मधूनमधून गाणंही.

खोक्यावर १९२ किलोहर्ट्‌झ छापलेलं असतं. सीडीचं ४४.१ वर भागलं, पण आमच्या गवयाचा षड्ज तेवढ्यात मावत नाही. गेन इतका चढवायचा की दिवा लाल व्हावा; मग फाटलेल्या आवाजाला ‘कॅरेक्टर’ म्हणायचं. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतोय? बफर १०२४ वरून १२८ वर आणावा, नाहीतर डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबावं. पण इतक्या साध्या उपायावर भागवण्यापेक्षा नवा, महागडा इंटरफेस मागवण्याची रीत आहे.

खरं तर भिंतींना जाड गोधड्या टांगल्या तरी खोलीचा घुमारा बराच कमी होतो, तोही जवळजवळ फुकटात. पण गोधडीचा फोटो मिरवता येत नाही. रियाजाचाही येत नाही. म्हणून तो पुढच्या खरेदीनंतर.