निश्चित चांगली आत्या

सोलापुरातलं कुठलंही दैनिक उघडा आणि निधनवार्तेचा कोपरा वाचा. तिथली प्रत्येक आत्या अल्पशा आजारानं जाते, मनमिळाऊ व प्रेमळ स्वभावाची म्हणून सर्वत्र परिचित असते, आणि तिच्या पश्चात भाऊ, भावजया, पुतणे, भाचे, नातवंडं असा मोठा परिवार असतो. रूपाभवानी की मोदी एवढा स्मशानभूमीचा तपशील सोडला, तर एका आत्याची बातमी दुसरीच्या फोटोखाली छापली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली ही तिला इतरांहून वेगळं काढणारी एकच गोष्ट, आणि नेमकी तीच ‘सेवानिवृत्त कर्मचारी’ एवढ्यात उरकलेली असते. माझं म्हणणं असं, की सरकारी नोकरीतल्या आत्याचा खरा मृत्युलेख घरचे लिहीत नाहीत आणि वर्तमानपत्रही लिहीत नाही. तो सरकारनं आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि त्याला सेवापुस्तक म्हणतात. प्रेमळपणाचा त्याहून भरवशाचा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

माझीही एक आत्या अशीच होती आणि ती आता नाही, तेव्हा मी निःपक्षपाती नाही ही नोंद आधीच घेतलेली बरी. मात्र तिचे किस्से सांगणार नाही. गेलेल्या माणसाचे किस्से सांगताना सांगणाराच हळूहळू त्यातला नायक होतो. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत ऐकत बसलं तर आत्या दुय्यम पात्र होऊन गेलेली असते. शिवाय किश्शाला खाडाखोड चालते. सेवापुस्तकात खाडाखोड केली तर तिच्याखाली कार्यालयप्रमुखाची सही लागते.

पहिल्या पानावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, उंची, अंगावरची ओळखीची खूण आणि बोटांचे ठसे. हे पान दर पाच वर्षांनी पुन्हा तपासून साक्षांकित करायचं असतं, म्हणजे आत्या तीच आहे ना, हे सरकार ठरावीक मुदतीनं विचारतं. घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही. आत्याची उंची किती, हे तिच्या हातचं खाऊन वाढलेल्या दहा पुतण्यांना विचारा. दहाही जण हातानं हवेत दाखवतील. आता कुणी म्हणेल, सरकारी कागदाचं एवढं काय सांगता, त्यातली जन्मतारीखच मुळात खोटी असते. मान्य. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिना आणि एक तारीख हातासरशी लिहून टाकली. त्यातही महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दर ३१ मे रोजी, त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, सोलापूरच्या कचेऱ्यांत नारळ आणि शालींचा तुटवडा पडण्याची वेळ येते. पण या चुकीतही प्रामाणिकपणा आहे. ती सगळ्यांना सारखी लागू आहे, आणि एकदा लिहिल्यावर सरकार तिच्याशी अठ्ठावन्न वर्षं इमान राखतं. श्रद्धांजलीतल्या चुका रोज बदलतात.

मग सेवापुस्तकाच्या जोडीचा गोपनीय अहवाल. त्याच्या प्रतवारीत अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट वगैरेंच्या खाली एक अफलातून शेरा आहे: ‘निश्चित चांगला’. एवढी मोजूनमापून केलेली स्तुती मराठीत दुसरीकडे सापडणार नाही. आपण माणूस गेल्यावर त्याला एकदम देवमाणूस करतो, आणि देवमाणसाला कुणाची ना नसली तरी कुणाचा विश्वासही नसतो. ‘निश्चित चांगली’ म्हटलं की लिहिणाऱ्यानं विचार केलाय हे कळतं. चांगली आहे, आणि त्याबद्दल मनात किंतू नाही. वर्षानुवर्षं, बदलणाऱ्या साहेबांनी, एकमेकांना न विचारता एकाच बाईबद्दल हेच लिहिलं असेल, तर तिच्या चांगुलपणाला एवढे साक्षीदार कुठली शोकसभा देईल?

प्रेमळपणा मात्र खरा दिसतो तो रजेच्या हिशेबात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते, जानेवारीत पंधरा आणि जुलैत पंधरा. तेहतीस वर्षांत ९९० दिवस. साठवायची मर्यादा आज ३०० दिवसांची, आणि निवृत्तीच्या वेळी तेवढ्याच दिवसांचा पगार रोख मिळतो. ज्याला हिशेब कळतो तो कर्मचारी तीनशेचा हंडा भरून ठेवतो आणि ३१ मे रोजी फोडतो. आता समजा एखाद्या आत्याच्या खात्यावर शेवटी बासष्टच दिवस उरले. म्हणजे ९२८ दिवस, अडीच वर्षांहून जास्त, कुठंतरी गेले. स्वतःसाठी गेले म्हणावं तर अशी आत्या काश्मीर सोडाच, तुळजापूरच्या पलीकडे क्वचित जाते. अर्जावर कारण एकच असतं, ‘घरगुती’. पण तारखा बोलतात. मार्चमधली रजा दहावीच्या परीक्षेची. जानेवारीतली गड्ड्याच्या यात्रेची, कारण सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आलेले पाहुणे मिरवणूक संपली तरी हलत नाहीत, आणि कडक भाकरी व शेंगाचटणी बांधून दिल्याशिवाय तर मुळीच नाही. पावसाळ्यात सलग दीड महिना दिसला तर समजावं, भावजयीचं बाळंतपण. इथं एक बारीक गंमत आहे. प्रसूती रजा आहे, २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. पण दोन्ही स्वतःच्या मुलांसाठी. दुसऱ्याच्या मुलाला न्हाऊमाखू घालायला रजेच्या नियमांत तरतूद नाही. त्यामुळे आत्याला ते काम अर्जित रजेतून, म्हणजे निवृत्तीच्या वेळी ज्यांचे रोख पैसे मिळाले असते त्या दिवसांतून करावं लागतं. प्रेमाची किंमत काढू नये म्हणतात. सरकारनं ती मूळ वेतन अधिक महागाई भत्ता अशी काढून ठेवलेली आहे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नैमित्तिक रजा, वर्षाला आठ दिवस, सेवापुस्तकात येतच नाही. ती वेगळ्या नोंदवहीत असते आणि ती नोंदवही काही वर्षांनी नष्ट होते. सोलापुरात उजनीचं पाणी चार-चार दिवसांआड नळाला येतं, आणि येतं ते अवेळी. या आठ दिवसांपैकी किती अर्ध्या-अर्ध्या रजा भाऊ-भावजयीच्या घरचे हंडे भरण्यात गेल्या, याचा पुरावा आता कुठंच नाही. इथं माझी बाजू लंगडी पडते. मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद पुस्तकात असते, पण शहराच्या पूर्व भागातून आलेल्या विडी कामगार बाईला निराधार योजनेचा अर्ज तेलुगूत आणि अक्कलकोटच्या आजीला कन्नडमध्ये समजावून सांगता येतो, याला रकाना नाही.

त्याची भरपाई भविष्य निर्वाह निधीच्या पानावर होते. या निधीतून काढायच्या पैशांचे दोन प्रकार, परतावा आणि नापरतावा. नापरतावा म्हणजे आत्यानं सरकारला परत करायचा नाही. आणि पुढचा प्रवास पाहिला तर पुतण्यानंही आत्याला परत करायचा नाही. एकाच शब्दात दोन्ही व्यवहार बसवणारा असा दूरदर्शी नियमकर्ता विरळा. जोडीला पगारदार नोकरांच्या पतसंस्थेची कपात. ती आत्याच्या स्वतःच्या कर्जाची असतेच असं नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती जामीन राहिलेली असते, तो हप्ते थकवतो, आणि वसुली आत्याच्या पगारातून चालू होते. शोकसभेत ‘त्या सर्वांना मदत करायच्या’ असं तो माणूस म्हणतो तेव्हा ते वाक्य सर्वांत अधिकृत असतं.

आता मोठा आक्षेप. सरकारी कर्मचारी आणि प्रेमळ, हेच मुळात पटत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. घरच्यांवर माया केली असेल, पण ती जनतेच्या वेळातून. एका अर्जासाठी चार खेपा घालणाऱ्याला आत्याच्या रजेचं कौतुक का असावं? आक्षेप खोटा नाही. १९७७-७८ च्या चोपन्न दिवसांच्या संपात कचेऱ्या बंद होत्या तेव्हा काही फरक पडला नाही, असं सांगणारे विनोदवीर अजून हयात आहेत. पण याच जिल्ह्यात, सोलापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मंगळवेढ्याला, एका प्रेमळ सरकारी नोकराचं देऊळ आहे. दामाजीपंत बेदरच्या बादशाहीचे अधिकारी. कथा सर्वांना ठाऊक आहे: दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, आणि पंतांनी सरकारी धान्याची कोठारं लुटवली. आजच्या भाषेत, सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता न घेता, निविदा न काढता, लाभार्थ्यांची यादी न करता. याच्यावर लेखापरीक्षणात केवढा आक्षेप निघाला असता! निघालाच, बादशहानं त्यांना धरून आणायला माणसं पाठवली. तेव्हा पांडुरंगानं काय केलं ते नीट पाहा. त्यानं दरबारात दामाजी किती दयाळू आहे यावर भाषण केलं नाही. मनमिळाऊ म्हणून परिचित आहे, असंही सांगितलं नाही. तो विठू महाराच्या रूपात गेला, धान्याची किंमत मोजून दिली, आणि पावती घेतली. सरकारी माणसाची माया सिद्ध करायची तर कागद लागतो, हे खुद्द विठ्ठलाला कळलं होतं. निधनवार्ता लिहिणाऱ्यांना अजून कळायचंय. आणि खेपांबद्दल म्हणाल तर ज्या टेबलावर पहिल्याच खेपेत काम व्हायचं, त्या टेबलावरच्या बाईचं नाव कुणाला आठवत नाही. आठवतात ती चार खेपांची टेबलं.

राहता राहिला कुटुंबाचा प्रश्न. परिवार मोठा असा बातमीत उल्लेख असतो, पण निवृत्तिवेतन नियमांतल्या ‘कुटुंब’ या व्याख्येत पुतण्या बसत नाही, भाची बसत नाही. सरकार निष्ठुर आहे म्हणावं, तर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मागून आत्या जिवंत आहे ना, याची चौकशी करणारंही तेच. पुतण्यांचा मोठा परिवार ही चौकशी दिवाळीला ‘फॉरवर्ड’ केलेल्या शुभेच्छांवर भागवतो.

शेवटी व्यावहारिक अडचण. सेवापुस्तक मिळणार कसं? माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर ती व्यक्तिगत माहिती ठरते; सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात तसं म्हटलंही आहे. पण त्याची गरज नाही. कर्मचाऱ्याला दुय्यम सेवापुस्तक स्वतःजवळ ठेवता येतं, आणि आत्यासारखी व्यवस्थित बाई ते ठेवतेच: लोखंडी कपाटात, ठेवींच्या पावत्यांच्या खाली, खाकी कागदाचं कव्हर घालून. वारस त्या कपाटापर्यंत पोचतात हे नक्की. पावत्या काढतात, खालचं पुस्तक तिथंच राहतं. ते शोकसभेत मोठ्यानं वाचावं अशी माझी सूचना आहे. रुक्ष होईल, असं म्हणणाऱ्यांनी पहिली दोन पानं धीर धरावा. ‘अर्जित रजा, पंचेचाळीस दिवस, घरगुती’ ही ओळ आली की तारीख ऐकून त्या पंचेचाळीस दिवसांत जन्मलेला इसम सभेतच बसलेला सापडेल. फक्त रजेचं पान वाचून थांबावं. नापरताव्याचं पान त्या दिवशी उघडू नये. परिवार मोठा आहे, आणि जेवणं व्हायची असतात.