साडेपाचच्या रिपोर्टची बदली

भोसरीच्या शेडमधला जुना कॉम्प्युटर रोज पहाटे साडेपाचला, कुणालाही न उठवता, डिस्पॅचचा रिपोर्ट काढून साहेबांना मेल करायचा. ही सोय ज्याने लावली तो मुलगा केव्हाच हिंजवडीला पळाला होता. दसऱ्याला प्रेस मशीनबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागायचं, तेवढाच त्याचा मेंटेनन्स.

मग प्लांट चाकणला, म्हाळुंग्याकडे हलला. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून ते काम एक्सपोर्ट करून मी पेनड्राइव्हवर घेतलं. मोशीपासून तळेगाव चौकापर्यंत पेनड्राइव्ह ट्रेलरांच्या मागे रांगत आला, पण नव्या लॅपटॉपवर काम दोन क्लिकमध्ये बसल्यासारखं वाटलं. नाशिक हायवेवर रोज जाणाऱ्याला एखादी गोष्ट इतक्या सहज झाली की धसकाच बसतो.

सकाळी रिपोर्ट नाही. ‘‘काल तर चालत होता ना?’’ साहेब म्हणाले. हे वाक्य ते घटस्फोटाच्या बातमीवरही म्हणतात.

एक्सपोर्टच्या फायलीत जुन्या मशीनवरच्या युजरचा ओळख क्रमांक येतो, पासवर्ड येत नाही. म्हणजे भोसरीचा गेटपास घेऊन कामगार चाकणच्या गेटवर उभा! नवा युजर दिला, पासवर्ड टाकला. आता काम सुरू व्हायचं आणि लगेच मान टाकायचं. रिपोर्ट काढणारी बॅच फाइल हाताने डबल क्लिक केली की मात्र निमूट चालायची. कारण सर्व्हरचा झेड ड्राइव्ह. तो लॉगिन करून बसलेल्या माणसाला दिसतो. पहाटे कुणी नसताना चालणाऱ्या कामाला त्याचा पत्ताच नसतो. मग सर्व्हरचा पूर्ण पाथ लिहिला.

पुढच्या पहाटे निकाल आला झिरो एक्स झिरो, म्हणजे यशस्वी. रिपोर्ट कुठेच नाही! ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा राहिला, तर काम सिस्टिम३२ फोल्डरात उभं राहतं. रिपोर्ट तिथेच तयार होऊन पडला होता, विंडोजच्या खासगी देव्हाऱ्यात.

तेही निस्तरलं. तरी अधूनमधून दांडी. शेड्युलरमध्ये ‘चार्जर लावलेला असेल तरच’ अशी खूण आपसूक असते, आणि थर्ड शिफ्टचे सिक्युरिटीवाले काका पहाटे लॅपटॉपची पिन काढून तिथे मोबाइल लावत. काकांना बोलण्यापेक्षा ती खूण काढणं सोपं होतं.

एवढं होऊन गुरुवारी पुन्हा शुकशुकाट. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्या मुलाने गुरुवार वगळला होता. चाकणला आमची सुट्टी रविवारी. ते लक्षात येईपर्यंत रविवार उजाडला. साडेपाचला रिपोर्ट बरोब्बर गेला, सगळ्या रकान्यांत शून्य. सहाला साहेबांचा फोन:

‘‘रविवारी कोण आलंय कामावर? ओटी कुणी मंजूर केला?’’