युद्धनौकेचं माहेर

सर्वप्रथम घरी सांगा की एक छोटंसं खेळणं मागवतोय. किंमत सांगू नका.

आता ‘आयएनएस दिल्ली’ या जुन्या युद्धनौकेच्या छोट्या प्रतिकृतीचं रेझिन किट शोधायला बसा. बहुधा मिळणार नाही. तीन रात्री वाया घालवा, त्याशिवाय छंद अंगी लागत नाही. चौथ्या रात्री नाव बदलून पाहा. आपल्या जुन्या युद्धनौका ब्रिटनहून लग्न होऊन आलेल्या, त्यांची चौकशी माहेरच्या नावानंच करावी लागते. म्हैसूर म्हणजे नायजेरिया, विक्रांत म्हणजे हर्क्युलिस, विराट म्हणजे हर्मीस. दिल्ली माहेरची अकिलीस. १९३९ साली रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी भिडली, १९४८ मध्ये आपल्याकडे आली, आणि पुढे त्या लढाईवरच्या इंग्रजी चित्रपटात स्वतःच्याच तरुणपणाची भूमिका करून आली. हा मान आपल्याकडे एरवी फक्त नायकांना मिळतो.

सापडलं? थांबा, साल पाहा. १९३९ च्या अकिलीसवर दोन-दोन तोफांचे चार फिरते बुरूज. १९४३ मध्ये बॉम्बनं त्यातला मागचा एक निकामी केला, तो पुढे काढूनच टाकला. म्हणजे पैसे आठ तोफांचे मोजायचे, बसवायच्या सहा. हरकत नाही, पण घरी हेही सांगू नका.

‘पुढच्या पगाराला बघू’ हे वाक्य या छंदात चालत नाही. प्लास्टिक किटचा पोलादी साचा लाखोंचा, म्हणून कारखाने यामातो आणि बिस्मार्क अशा गाजलेल्या युद्धनौकाच काढत बसतात. रेझिनचा साचा रबरी, काही डझन ओतकामांत फाटतो. मग किट संपलं ते संपलं.

पार्सल आलं की आधी भाग मोजा, मग साबणाच्या पाण्यात धुवा, नाहीतर रंग धरत नाही. तोफांच्या नळ्या शेवयांसारख्या असतात, वाकलेली नळी गरम पाण्यात बुडवून सरळ करा. फेविकॉल विसरा, फेविक्विक आणा. घासकाम ओल्या पॉलिशपेपरनं आणि मास्क लावून, कारण ती भुकटी छातीत गेलेली बरी नाही. ही एवढी एक सूचना गंभीरपणे घ्या.

१/७०० प्रमाणात १६९ मीटरची दिल्ली वीतभर होते. चौथा बुरूज उरेल, तो फेकू नका. खरं जहाज मोडीत निघालं तेव्हा त्याचाही एक बुरूज आपण जपून न्यूझीलंडला, ज्यांच्या नौदलात अकिलीसनं नाव कमावलं त्यांना, परत धाडला होता.